विद्याशाखीय लेखनातील विधिविषयक साधनांचा संदर्भोल्लेख : स्वरूप, पद्धती आणि दक्षता

सारांश

इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, पर्यावरणशास्त्र इत्यादी विद्याशाखांतील संशोधनात अधिनियम, न्यायनिर्णय, अधिसूचना आणि शासन निर्णय यांचा आधार वारंवार घेतला जातो. तथापि ग्रंथ व नियतकालिके यांचे संदर्भ काटेकोरपणे देणारे अभ्यासकही विधिविषयक साधनांच्या बाबतीत मोघम उल्लेखावर थांबतात, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात या साधनांचे प्रकार, त्यांच्या संदर्भोल्लेखाची घटक-रचना आणि त्यांत संभवणारे दोष यांचे विवेचन महाराष्ट्रातील, विशेषतः वसई व पालघर परिसराशी निगडित उदाहरणांच्या आधारे केले आहे. संदर्भ सदोष असेल तर विधानाचा आशयही चुकतो, हे दाखविणे हा लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : संदर्भोल्लेख, अधिनियम, न्यायनिर्णय, निर्णय-अहवाल, राजपत्र, शासन निर्णय, तटस्थ क्रमांक.

१. प्रस्तावना

वसई तालुक्यातील गास या गावी शेतजमिनीचे बदलते स्वरूप हा विषय घेऊन एखाद्या प्राध्यापकाने संशोधन करावयाचे ठरविले, असे समजू या. विषय वरकरणी समाजशास्त्राचा किंवा भूगोलाचा आहे. परंतु पहिल्याच प्रकरणात त्याला कुळकायद्याचा उल्लेख करावा लागेल. दुसऱ्या प्रकरणात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि सन १९९० मध्ये सिडकोची या परिसरासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून झालेली नियुक्ती येईल. पुढे सन २००९ मधील वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना, सन २०११ मधील २९ गावे वगळण्याचा शासनाचा निर्णय, त्यावरून उच्च न्यायालयात उभा राहिलेला वाद आणि ही गावे महानगरपालिकेतच ठेवण्यासंबंधी शासनाने सन २०२४ मध्ये काढलेली अधिसूचना यांचा मागोवा घ्यावा लागेल. म्हणजे विधिशास्त्राचा विद्यार्थी नसतानाही त्याला पावलोपावली विधिविषयक साधनांशी व्यवहार करावा लागतो.

असा शोधनिबंध केवळ ग्रंथालयात राहत नाही. गावातील रहिवासी एखाद्या हरकतीत त्याचा हवाला देतात, विद्यार्थी त्यावरून प्रकल्प लिहितात, पुढील संशोधक त्यातील विधान जसेच्या तसे उचलतो. निबंधात उल्लेखिलेली अधिसूचना नंतर रद्द झालेली असेल, किंवा आधार म्हणून दिलेला निवाडा अपिलात उलटला गेला असेल, तर त्या हरकतीचा पायाच कोसळतो. ग्रंथाचा पृष्ठांक चुकला तर वाचकाची गैरसोय होते. कायद्याचा संदर्भ चुकला तर एखाद्याच्या हक्काविषयीचे विधानच खोटे ठरू शकते. म्हणूनच या विषयाकडे केवळ टंकलेखनाचा तपशील म्हणून पाहणे योग्य नव्हे.

२. विधिविषयक साधनांचे वर्गीकरण

विधिविषयक साधनांचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन वर्ग पडतात. संविधान, संसद व विधानमंडळाचे अधिनियम, अध्यादेश, नियम, विनियम, अधिसूचना आणि न्यायालयांचे निर्णय ही प्राथमिक साधने होत. कायद्याचे बळ यांनाच असते. भाष्यग्रंथ, पाठ्यपुस्तके, विधी आयोगाचे अहवाल, शोधनिबंध व वृत्तपत्रीय लेख ही दुय्यम साधने होत. ती कायद्याचा अर्थ उलगडतात. पण स्वतः कायदा नसतात.

शासन निर्णयाचे स्थान याबाबतीत विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. शासन निर्णय हा सामान्यतः प्रशासकीय आदेश असतो. अधिनियमान्वये केलेले नियम किंवा राजपत्रातील वैधानिक अधिसूचना यांच्याशी त्याची बरोबरी करता येत नाही. अनेक निबंधांत ‘शासनाने कायदा केला’ असे लिहून तळटीपेत शासन निर्णयाचा क्रमांक दिलेला आढळतो. येथे संदर्भ अचूक असूनही विधान सदोष ठरते. साधन कोणत्या वर्गातील आहे हे निश्चित करणे ही संदर्भोल्लेखाची पहिली पायरी होय.

३. अधिनियमांचा संदर्भ

अधिनियमाच्या संदर्भात संक्षिप्त नाव, वर्ष, अधिनियम क्रमांक आणि संबंधित कलम, पोटकलम, खंड किंवा परंतुक हे घटक आवश्यक असतात. पृष्ठांक येथे निरुपयोगी असतो, कारण प्रत्येक प्रकाशकाच्या प्रतीत तो भिन्न असतो. प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनस्थळही द्यावे लागत नाही. कायद्याचा कर्ता विधानमंडळ आहे. बाजारात मिळणाऱ्या प्रतीचा प्रकाशक नव्हे.

नावातील वर्ष आणि क्रमांकाचे वर्ष सारखेच असेल असे नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ हा सन १९६५ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ५ आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या नित्य परिचयाचा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा सन २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६ असून तो १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. विधेयक संमत होणे, त्यास अनुमती मिळणे आणि तो प्रत्यक्ष अंमलात येणे या तीन भिन्न घटना आहेत. निबंधाचा युक्तिवाद अंमलबजावणीच्या तारखेवर अवलंबून असेल, तर ती तारीख स्वतंत्रपणे नोंदविली पाहिजे.

दुसरा प्रश्न कायद्याच्या प्रचलिततेचा. वरील अधिनियमापूर्वी महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ लागू होता. आज विद्यापीठीय प्राधिकरणांच्या रचनेविषयी लिहिताना १९९४ च्या अधिनियमातील कलम प्रचलित म्हणून देणे चुकीचे ठरेल; परंतु सन २००५ मधील एखाद्या घटनेचे विवेचन करताना तोच अधिनियम द्यावा लागेल. घटना ज्या काळातील, त्या काळी लागू असलेला कायदा उल्लेखावा, हे सूत्र अभ्यासकाने कायम ध्यानी ठेवावे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, १८६० ची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ ने घेतली, तेव्हापासून हे सूत्र अधिकच महत्त्वाचे झाले आहे. खुनाच्या शिक्षेचे जुने कलम ३०२ आता कलम १०३ मध्ये, तर विवाहितेच्या छळासंबंधीचे कलम ४९८-अ हे कलम ८५ व ८६ मध्ये आले आहे. तथापि २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांची आकडेवारी मांडताना जुनी कलमेच द्यावी लागतात. दोन कालखंडांची तुलना असल्यास दोन्ही कलमे शेजारी-शेजारी देणे इष्ट. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ आणि भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ यांच्या जागी आलेल्या नव्या अधिनियमांसही हेच लागू होते.

कायद्याचे नाव बदलल्यामुळेही घोटाळा संभवतो. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ हे नाव वसईतील जमिनीच्या जुन्या कागदपत्रांत सर्वत्र आढळते. सन २०१२ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ यान्वये अनेक अधिनियमांच्या संक्षिप्त नावांतील ‘मुंबई’ या शब्दाच्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. अधिनियम तोच आहे. नाव बदलले आहे. हे न जाणता दोन नावांनी दोन स्वतंत्र नोंदी करणारी संदर्भसूची वाचकाची दिशाभूल करते. प्रथम उल्लेखात सध्याचे नाव देऊन पूर्वीचे नाव सांगावे, हे उत्तम.

याउलट भूमिसंपादन अधिनियम, १८९४ च्या बाबतीत केवळ नाव बदललेले नाही. १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागी सन २०१३ चा अधिनियम क्रमांक ३० लागू झाला व भरपाई, पुनर्वसन आणि संमतीविषयक तरतुदी बदलल्या. तसेच मालमत्तेचा हक्क हा संविधान (चव्वेचाळिसावी सुधारणा) अधिनियम, १९७८ नंतर मूलभूत हक्क राहिलेला नाही. तो आता अनुच्छेद ३००क मध्ये आहे. भूसंपादनावरील लेखनात आजही अनुच्छेद ३१ चा प्रचलित तरतूद म्हणून उल्लेख होत असेल, तर तो संदर्भ चार दशकांहून अधिक काळ शिळा झालेला आहे. संविधानाच्या संदर्भात ‘कलम’ ऐवजी ‘अनुच्छेद’ ही संज्ञा वापरणे मराठीत प्रमाण मानले जाते.

४. न्यायनिर्णयांचा संदर्भ

न्यायनिर्णयाच्या संदर्भात पक्षकारांची नावे, वर्ष, निर्णय-अहवालाचा खंड, अहवालाचे संक्षिप्त नाव आणि आरंभीचा पृष्ठांक हे घटक असतात. विशिष्ट विधानासाठी त्यापुढे परिच्छेद क्रमांक येतो. उदाहरणार्थ, मुंबईतील पदपथवासीयांच्या उपजीविकेच्या हक्कासंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा असा दिला जातो :

ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन, (१९८५) ३ एससीसी ५४५.

येथे १९८५ हे अहवालाचे वर्ष, ३ हा त्या वर्षातील खंड, एससीसी हे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या अहवालाचे संक्षिप्त रूप आणि ५४५ हा आरंभीचा पृष्ठांक होय. हाच निवाडा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या नागपूरहून प्रसिद्ध होणाऱ्या अहवालात ‘एआयआर १९८६ एससी १८०’ असा सापडतो. निवाडा १० जुलै १९८५ रोजीचा. परंतु एका अहवालात वर्ष १९८५ तर दुसऱ्यात १९८६. हे दोन निवाडे नव्हेत.

संदर्भातील वर्ष हे निर्णयाचे वर्ष नसून अहवालाचे वर्ष असते, ही गोष्ट विधिशास्त्राबाहेरील अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. मथुरा बलात्कार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय सप्टेंबर १९७८ मधील आहे; त्याचा संदर्भ मात्र ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (१९७९) २ एससीसी १४३’ असा आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणूसंबंधीचे प्रकरण याहून बोलके आहे. ‘बिट्टू सेहगल विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणातील आदेश ३१ ऑक्टोबर १९९६ चा; डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण त्यानुसार डिसेंबर १९९६ मध्ये स्थापन झाले. परंतु छापील संदर्भ ‘(२००१) ९ एससीसी १८१’ असा आहे. केवळ संदर्भावरून कालक्रम मांडणारा लेखक ‘२००१ च्या निवाड्यानुसार १९९६ मध्ये प्राधिकरण स्थापन झाले’ असे अशक्य विधान करून बसेल. कालक्रम महत्त्वाचा असलेल्या लेखनात निर्णयाची तारीख स्वतंत्रपणे द्यावी, हा यावरील उपाय होय. याच तालुक्यातील औष्णिक वीज प्रकल्पासंबंधीचा ‘(१९९१) २ एससीसी ५३९’ हा पूर्वीचा निवाडा आणि १९९६ चा आदेश यांतही गल्लत होता कामा नये.

जुन्या निवाड्यांसाठी ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ ही मालिका महत्त्वाची आहे. सन १८७५ च्या अधिनियमास अनुसरून १८७६ पासून तिचे प्रकाशन सुरू झाले आणि मुंबई उच्च न्यायालयासाठी तिची स्वतंत्र शाखा राहिली. या मालिकेत खंडांचे क्रमांक सलग चालत असल्यामुळे खंड हाच शोधाचा मुख्य आधार ठरतो. सन १८९९ पासूनचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ हाही मुंबईच्या न्यायिक इतिहासाचे मोठे साधन आहे.

निर्णय-अहवालात निवाड्याच्या आरंभी छापलेली शीर्षटीप ही संपादकाची असते, न्यायाधीशांची नव्हे. तिच्यातील वाक्य न्यायालयाचे म्हणून उद्धृत करणे हा गंभीर दोष होय. शीर्षटीप आणि परिच्छेद-रचना यांसारखी संपादकीय भर आणि मूळ निवाडा यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, (२००८) १ एससीसी १’ या प्रकरणात स्वामित्वहक्काच्या संदर्भात तपासला आहे. परिच्छेदांचे क्रमांक अहवालागणिक बदलू शकतात, म्हणून परिच्छेद ज्या अहवालातून घेतला त्याच अहवालाचा संदर्भ द्यावा.

मत कोणत्या न्यायाधीशांचे आहे, हेही सांगावे लागते. ‘केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, (१९७३) ४ एससीसी २२५’ या प्रकरणी तेरा न्यायाधीशांचे पीठ होते, निर्णय सात विरुद्ध सहा अशा बहुमताचा होता आणि निरनिराळी अकरा निर्णयपत्रे लिहिली गेली. अशा निवाड्यातील कोणताही परिच्छेद ‘सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे’ असे म्हणून देता येत नाही. तो बहुमतातील, सहमतीच्या वा अल्पमतातील निर्णयपत्राचा आहे हे नमूद करणे आवश्यक आहे.

५. खटल्याचे रूढ नाव आणि अभिलेखातील नाव

मराठी वाचकांच्या स्मरणात खटले लोकप्रिय नावांनी राहतात. अभिलेखात ते पक्षकारांच्या नावांनी असतात. ‘टिळकांवरील राजद्रोहाचा खटला’ एवढाच उल्लेख केला तर तो सन १८९७ चा, १९०८ चा की १९१६ चा, हे कळत नाही. १८९७ चा खटला ‘क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’ या नावाने इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई शाखेच्या २२ व्या खंडात पृष्ठ ११२ वर आहे. १९०८ चा खटला ‘एम्परर विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’ या नावाने बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या १० व्या खंडात पृष्ठ ८४८ वर आहे. १९१६ चे प्रकरण जामिनासंबंधीच्या आदेशाचे असून त्यात उच्च न्यायालयाने टिळकांच्या बाजूने निर्णय दिला. शिवाय दंड संहितेच्या कलम १२४-अ मध्ये सन १८९८ मध्ये बदल झाला. म्हणून १८९७ च्या खटल्याचे विवेचन नंतरच्या शब्दरचनेवरून करणे कालविपर्यास ठरतो.

रखमाबाई खटला हे संदर्भोल्लेखाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण आहे. दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी केलेल्या दाव्यात न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. त्याचा संदर्भ ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रुखमाबाई, (१८८५) आयएलआर ९ मुंबई ५२९’ असा आहे. अहवालात नाव ‘रुखमाबाई’ असे असल्यामुळे रूढ रूपाने शोध घेणाऱ्यास तो सापडतोच असे नाही. अभ्यासक येथेच थांबला तर न्यायालयाने त्यांना मुक्त केले, असा त्याचा निष्कर्ष होईल. परंतु सन १८८६ मध्ये अपिलात हा निर्णय उलटविण्यात आला; त्याचा संदर्भ ‘(१८८६) आयएलआर १० मुंबई ३०१’ असा आहे. प्रकरण पुन्हा सुनावणीस गेले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. अखेर १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले.

एकाच दाव्यातील दोन टप्पे, दोन संदर्भ आणि परस्परविरोधी फलित. कोणताही निवाडा आधारासाठी घेताना त्यावर अपील झाले काय, तो नंतर उलटविला किंवा अमान्य केला गेला काय, हे तपासल्यावाचून त्याचा उपयोग करू नये. विधिशास्त्रात याला निवाड्याचा उत्तर-इतिहास म्हणता येईल. तो असल्यास संदर्भातच नोंदवावा.

६. राजपत्र, शासन निर्णय आणि स्थलनामे

अधिसूचनेच्या संदर्भात विभागाचे नाव, अधिसूचना क्रमांक, दिनांक आणि राजपत्राचा भाग द्यावा. शासन निर्णयासाठी विभाग, विषय, क्रमांक आणि दिनांक आवश्यक आहेत. शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयावर संगणक संकेतांक असतो. तो दिल्यास वाचकास मूळ प्रत तत्काळ मिळते. नंतरच्या शुद्धिपत्रकाने किंवा अधिक्रमित करणाऱ्या निर्णयाने मूळ निर्णय बदलला असल्यास दोन्हींचा उल्लेख करावा. २९ गावांच्या प्रश्नावर २०११ चा शासनाचा निर्णय सांगून २०२४ ची अधिसूचना वगळणारा निबंध कागदोपत्री अचूक, पण वस्तुतः अपुरा ठरेल.

स्थानिक अभ्यासकापुढे स्थलनामांचा प्रश्नही असतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या प्रत्येक अधिसूचनेत आणि निवाड्यात गास हे ठाणे जिल्ह्यातील गाव आहे. शोध घेताना जुन्या दस्तऐवजांसाठी ‘ठाणे’ आणि नंतरच्यांसाठी ‘पालघर’ अशी दुहेरी दक्षता घ्यावी लागते. उद्धृत करताना मूळ दस्तऐवजातील जिल्हा बदलू नये. आवश्यक तर चौकटी कंसात स्पष्टीकरण द्यावे. इंग्रजी अहवालांत वसई ‘बॅसीन’ आणि ठाणे ‘थाना’ म्हणून येते. येथे एक गंमतीची पण धोक्याची बाब अशी की, सन १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता आणि तेथील पाथेन या शहरालाही इंग्रजीत ‘बॅसीन’च म्हणत. त्यामुळे जुन्या अहवालांत या नावाखाली सापडलेले प्रकरण मुंबई शाखेचे की रंगून शाखेचे, हे पाहिल्याशिवाय ते वसईचे मानता येत नाही.

७. भाषेचा प्रश्न

मराठीतून लेखन करणाऱ्यास मूळ पाठ कोणता मानावा, हा प्रश्न पडतो. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांची कार्यवाही आणि अधिनियमांचे प्राधिकृत पाठ, अन्यथा तरतूद होईपर्यंत, इंग्रजीत असतात. राज्य विधानमंडळाने अन्य भाषा विहित केली असल्यास राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद प्राधिकृत मानला जातो. केंद्रीय अधिनियमांच्या बाबतीत प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधी) अधिनियम, १९७३ अन्वये राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला प्रादेशिक भाषेतील अनुवाद त्या भाषेतील प्राधिकृत पाठ समजला जातो. यावरून असे ठरते की, अधिकृत मराठी पाठ उपलब्ध असल्यास तोच उद्धृत करावा. नसल्यास स्वतः केलेल्या अनुवादापुढे ‘अनुवाद लेखकाचा’ अशी नोंद करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचे मराठी अनुवाद आता संकेतस्थळावर मिळतात. ते समजून घेण्यास उपयुक्त असले तरी इंग्रजी पाठच प्रमाण राहतो.

पारिभाषिक संज्ञांत एकवाक्यता राखण्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ उपयोगी पडतो. एकाच निबंधात ‘अधिनियम’, ‘कायदा’ आणि ‘अॅक्ट’ हे शब्द अदलून बदलून वापरल्यास ते एकाच गोष्टीचे वाचक आहेत की भिन्न गोष्टींचे, याविषयी संभ्रम होतो.

८. संदर्भपद्धतीची निवड

अमेरिकेत सन १९२६ पासून ‘ब्लूबुक’ ही विधिविषयक संदर्भांची नियमावली प्रचलित आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाची ‘ऑस्कोला’ पद्धती सन २००० पासून विकसित झाली असून ती तळटीपांवर आधारित आणि विरामचिन्हांबाबत मितव्ययी आहे. सामाजिक शास्त्रांत रूढ असलेल्या एपीए पद्धतीचा, विधिविषयक साधनांपुरता, ब्लूबुकवरच भर आहे. म्हणजे एपीए स्वीकारलेल्या निबंधातही निवाड्याचा संदर्भ ग्रंथाच्या साच्यात बसवायचा नसतो. न्यायाधीशास ‘लेखक’ आणि अहवालाच्या छापखान्यास ‘प्रकाशक’ करणाऱ्या नोंदी या गैरसमजातूनच होतात.

भारतात सर्व विद्यापीठांना बंधनकारक अशी एकच पद्धती नाही. नियतकालिकाने सांगितलेली पद्धती पाळावी आणि ती संपूर्ण निबंधात एकसारखी ठेवावी, एवढे पथ्य पुरेसे आहे. संदर्भसूचीत मात्र अधिनियम, न्यायनिर्णय आणि शासकीय दस्तऐवज यांचे स्वतंत्र विभाग करणे वाचकाच्या सोयीचे ठरते.

डिजिटल साधनांमुळे अलीकडे मोठा बदल झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सन २०२३ मध्ये आपले अधिकृत अहवाल संगणकीय स्वरूपात विनामूल्य खुले केले आणि त्याच वर्षी तटस्थ क्रमांकाची पद्धत आणली. ‘२०२३ आयएनएससी’ व त्यापुढे अनुक्रमांक अशी तिची रचना आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या तटस्थ क्रमांकात वर्ष, ‘बीएचसी’ हे न्यायालयाचे चिन्ह, शाखेचे चिन्ह आणि अनुक्रमांक असतो. खंडपीठाच्या निर्णयास ‘डीबी’ ही अक्षरे जोडली जातात. महागड्या खासगी अहवालांची वर्गणी न परवडणाऱ्या ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांना ही सोय मोलाची आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांतील अप्रकाशित प्रकरणांसाठी सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक, न्यायालयाचे नाव आणि निर्णयाचा दिनांक द्यावा.

९. वाङ्मयचौर्य आणि अविद्यमान संदर्भ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सन २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांनुसार साम्य-तपासणीतून काही मजकूर वगळला जातो. त्यात कायद्यांचाही समावेश आहे. परंतु या सवलतीचा अर्थ कलमाचा पाठ अवतरणचिन्हांशिवाय आणि संदर्भाशिवाय वापरावा असा नव्हे. भाष्यग्रंथातील विवेचन तर या सवलतीत मुळीच येत नाही. भाष्यग्रंथ वाचून त्यातील तळटीपा स्वतः पाहिल्यासारख्या उतरविणे हाही अप्रामाणिकपणाच होय. मूळ निवाडा पाहिला नसेल तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांमुळे नवा धोका निर्माण झाला आहे. ही साधने पक्षकारांची नावे, खंड आणि पृष्ठांक यांसह हुबेहूब खरा वाटणारा, पण अस्तित्वातच नसलेला संदर्भ देऊ शकतात. सन २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील ‘माटा विरुद्ध एव्हियान्का’ या प्रकरणी असे काल्पनिक निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. सन २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, अविद्यमान निवाड्यांचा आधार घेतलेला प्राप्तिकराचा एक निर्धारण आदेश रद्द केला. न्यायालयात समोरचा पक्ष असा संदर्भ तपासतो. शोधनिबंधाला समोरचा पक्ष नसतो. ती जबाबदारी लेखक, मार्गदर्शक आणि परीक्षक यांचीच आहे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून अध्यापक व संशोधन-मार्गदर्शक यांच्यासाठी पुढील सूत्रे निष्पन्न होतात :

(१) साधन अधिनियम, नियम, अधिसूचना, शासन निर्णय की न्यायनिर्णय, हे प्रथम निश्चित करावे.
(२) अधिनियमाचा क्रमांक व कलम द्यावे. घटनेच्या काळी लागू असलेलाच कायदा उल्लेखावा.
(३) निर्णयाचे वर्ष आणि अहवालाचे वर्ष यांत भेद करावा.
(४) निवाड्याचा उत्तर-इतिहास तपासावा व संदर्भात नोंदवावा.
(५) शीर्षटीप उद्धृत करू नये. मत कोणत्या न्यायाधीशांचे, हे सांगावे.
(६) जुनी नावे व जिल्हे मूळ दस्तऐवजाप्रमाणे ठेवावीत.
(७) न पाहिलेले साधन पाहिल्यासारखे देऊ नये.

एम.ए. व पीएच.डी.च्या संशोधनपद्धतीच्या अध्यापनात ग्रंथ आणि नियतकालिकांच्या संदर्भांसाठी जेवढा वेळ दिला जातो, त्यातील एखादी तासिका तरी विधिविषयक साधनांसाठी राखून ठेवणे आवश्यक आहे. त्या तासिकेत विद्यार्थ्यांना एखादा सातबारा, एक शासन निर्णय आणि उच्च न्यायालयाचा एक निवाडा मूळ स्वरूपात हाताळावयास देऊन त्यांचा संदर्भ लिहून घेतला, तर हा विषय व्याख्यानापेक्षा अधिक लवकर उमगेल. आपल्या गावाविषयी, जमिनीविषयी आणि हक्कांविषयी लिहिणाऱ्या पिढीच्या हाती अचूक संदर्भ असणे, हे संशोधनाच्या विश्वासार्हतेसाठी जितके आवश्यक आहे, तितकेच ते त्या संशोधनावर विसंबणाऱ्या नागरिकांच्या हितासाठीही आवश्यक आहे.